माइक खाली ठेवा, आधी ऐकायला शिका

ज्याला रिसिव्हर चालवता येत नाही, त्याने ट्रान्समिटचं बटण दाबू नये. सरकारी परवाना खिशात असला तरी दाबू नये. हॅम रेडिओवाल्यांच्या कुठल्याही बैठकीत हे वाक्य उच्चारलं की कपाळांना आठ्या पडतात, म्हणून ते इथे सुरुवातीलाच लिहून टाकतो. मी या छंदात अनेक वर्षं आहे आणि आपण सगळ्यांनी मिळून त्याची जी अवस्था करून ठेवली आहे, ती मला मुकाट्याने बघवत नाही.

४० मीटर बँडवर, म्हणजे ७ ते ७.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, सकाळी नेट, म्हणजे ठरल्या वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर जमणाऱ्या स्टेशनांची बैठक, भरलेलं असताना नुसतं ऐकत बसा. एक स्टेशन दुसऱ्याला ‘फाइव्ह नाइन’ असा रिपोर्ट देतं आणि त्याच दमात म्हणतं, ‘ओएम, नाव परत सांगा, गाव कळलं नाही.’ (‘ओएम’ ही हॅम मंडळींची एकमेकांना मित्रत्वाची हाक.) या रिपोर्टमधला पहिला आकडा बोलणं किती समजलं त्याचा, दुसरा सिग्नल किती जोरकस आहे त्याचा. पाच म्हणजे शब्दन्‌शब्द स्वच्छ समजला. ज्याचं नावसुद्धा कळलं नाही त्याला पाच देणं म्हणजे खोटं बोलणं, त्याला दुसरा शब्द नाही. समोरच्याने नवी अँटेना बांधलेली असते, किंवा घरी जुळवलेला रिग पहिल्यांदा हवेत आणलेला असतो. त्याला खरा रिपोर्ट हवा असतो आणि आपण त्याला फसवतो. मला याहूनही डाचतं ते वेगळंच. नाव कळलं नाही तेव्हा या गृहस्थाने रेडिओवरच्या एकाही नॉबला हात लावलेला नसतो. आवाजाचा नॉब तेवढा त्याच्या ओळखीचा, आणि तो उजवीकडे टोकाला गेलेला.

त्या नॉबपासूनच सुरुवात करतो. रिगच्या माहितीपुस्तिकेत स्पीकरचं आउटपुट दिलेलं असतं: साधारण दोन-अडीच वॅट, आणि त्याच्या शेजारी ‘१० टक्के डिस्टॉर्शन’ असा उल्लेख. म्हणजे पूर्ण आवाजाला बोलणं फाटतं, हे बनवणाऱ्यानेच छापून दिलं आहे. ते कोणी वाचत नाही. रिगच्या पत्र्याला आतून चिकटवलेल्या त्या इवल्याशा स्पीकरमधून, पूर्ण आवाजात, पंखा चालू असलेल्या खोलीत ही मंडळी ऐकतात आणि ‘आज बँड खराब आहे’ असं जाहीर करतात. साधा हेडफोन लावा, आवाज कमी करा. अर्धा खराब बँड तिथेच सुधारतो.

आता आरएफ गेन, म्हणजे सिग्नल आत येताना तो किती वाढवायचा हे ठरवणारा नॉब. बहुतेक रिगवर हा नॉब ज्या जागी कारखान्यातून आला त्याच जागी, म्हणजे पूर्ण उजवीकडे, म्हातारा होतो. शहरातल्या घरात एलईडी दिवे, चार्जर, गच्चीवरच्या सौरपॅनेलचा इन्व्हर्टर या सगळ्यांचा गोंगाट अँटेनातून आत येतोच. एजीसी म्हणजे रिसिव्हरची आपोआप गेन बदलण्याची सोय. बोलणारा थांबला की ती गेन वाढवते आणि मधल्या शांततेत तो सगळा गोंगाट कानावर आदळतो. तासभर असं ऐकलं की डोकं दुखतं, माणूस कंटाळून रेडिओ बंद करतो. उपाय हाताशी आहे. आरएफ गेन हळूहळू मागे घ्या. मीटरची सुई वर सरकायला लागेल. घाबरू नका, बहुतेक रिगमध्ये ती तशीच सरकते. गोंगाट सुईला जिथवर नेतो तिथवर ती आणली की दोन शब्दांमधली खरखर खाली बसते आणि बोलणं मात्र तसंच राहतं. एवढं करायला दहा सेकंद लागतात. लाखाच्या वरचा रिग घेतलेल्या माणसाला हे दहा सेकंद कोणी शिकवलेले नसतात, आणि त्यानेही कधी विचारलेलं नसतं.

उलट त्याने प्रीअँप, म्हणजे सिग्नल आत येताच तो आणखी वाढवणारी पायरी, चालू करून ठेवलेला असतो. सुई वर गेली की त्याला बरं वाटतं. ४० मीटरवर वातावरणाचा आणि माणसाने केलेला गोंगाट रिसिव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा कितीतरी मोठा असतो. तिथे प्रीअँप सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच वाढवतो. समजण्यात तसूभरही फरक पडत नाही. नुकसान मात्र होतं. आपल्याकडे ७.२ मेगाहर्ट्झच्या वर लगेच प्रसारण केंद्रांचा पट्टा सुरू होतो. रात्री ती केंद्रं भिंत पाडल्यासारखी आत घुसतात आणि रिसिव्हरच्या पहिल्याच पायरीत एकमेकांत मिसळून नसलेले सिग्नल तयार करतात. तेव्हा करायचं असतं नेमकं उलटं: अ‍ॅटेन्युएटर लावायचा. २० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर हवा तो सिग्नल २० डीबीने उतरवतो, पण हे मिसळीचे भुताटकी सिग्नल ६० डीबीने उतरतात, कारण ते तिसऱ्या घाताने वाढत-घटत असतात. हे गणित परीक्षेच्या अभ्यासात डोळ्यांखालून गेलेलं असतं. रेडिओसमोर बसल्यावर ते कोणाला आठवत नाही. ‘सिग्नल कमी करायचा? कशाला?’ असं मला तोंडावर विचारणारे परवानाधारक भेटले आहेत.

आणि याच माणसांना अँप्लिफायर हवा असतो. दहा वॅटचे शंभर वॅट केले तर समोरच्याच्या मीटरवर १० डीबी वाढतात, म्हणजे दोन एस-युनिटसुद्धा नाहीत. मोर्स ऐकताना २४०० हर्ट्झचा फिल्टर ५०० वर आणला, तर कानावर येणारा गोंगाट जवळजवळ पाच पटींनी घटतो, आणि त्याला एक रुपया पडत नाही. तरी चर्चा कशाची? वॅटची. मनोऱ्याच्या उंचीची. आपला सिग्नल किती लांब गेला याची. समोरचा क्षीण सिग्नल मी कसा ओढून काढला, हे कौतुकाने सांगणारा माणूस आता क्वचित भेटतो.

ट्यूनिंगबद्दल तर बोलायलाच हवं, कारण तिथे आपण फक्त स्वतःचं नुकसान करत नाही, सगळ्या बँडचं करतो. एसएसबीमध्ये, म्हणजे या बँडवर आपण बोलतो त्या पद्धतीत, कॅरियर लहर पाठवलेली नसते. ती आपल्या रिसिव्हरने आपल्या बाजूने घालायची असते. ती शंभर हर्ट्झने चुकली तर आवाजातले सगळे घटक शंभर-शंभर हर्ट्झने सरकतात आणि त्यांचं एकमेकांशी असलेलं स्वाभाविक नातं तुटतं. मग माणसाचा आवाज माणसाचा राहत नाही. ४० मीटरवर आपण एलएसबी, म्हणजे कॅरियरच्या खालची बाजू, वापरतो. तिथे डायल खऱ्या जागेच्या वर असेल तर आवाज चिरका येतो, खाली असेल तर घोगरा. वरून खाली हळूहळू या, आवाज नैसर्गिक झाला की थांबा. ही कला कानाची आहे. पण ट्यूनिंगची पायरी एक किलोहर्ट्झवर ठेवून, डायलवर गोल आकडा दिसला की थांबणारे लोक ती शिकणार कधी? त्यांच्या लेखी जो गोल आकड्यावर नाही तो चुकीचा.

आणि त्या ‘चुकीच्या’ माणसाला भर नेटमध्ये सुनावलं जातं: ‘ओएम, तुम्ही फ्रिक्वेन्सीवर नाही, रिग दुरुस्त करून घ्या.’ हा माणूस पुष्कळदा घरी जुळवलेल्या रेडिओवर असतो. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटेक्स नावाचा साधा ट्रान्सीव्हर आखला. सुरुवातीच्या आराखड्यात कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर चालत होते, इतका तो परवडणारा. तो जुळवून देशभर किती पोरं हवेत आली! त्यांचा हाताने जुळवलेला ऑसिलेटर उन्हाळ्यात सरकतो, पाच-सात वॅट बाहेर पडतात. त्या पोराने स्वतः डाग देऊन रेडिओ उभा केला आहे. तुमच्या विकत घेतलेल्या रिगवर आरआयटी नावाचा एक नॉब त्याच्याचसाठी आहे. तो फक्त ऐकण्याची जागा सरकवतो, बोलण्याची जागा तिथेच राहते. साठ हर्ट्झ इकडे-तिकडे सरका, पोराचा आवाज स्वच्छ होईल. तेवढं करायचं सोडून त्याला रिग दुरुस्त करायला सांगणाऱ्या माणसाची मला लाज वाटते.

ज्यांना आरआयटी माहीत नाही ते मुख्य डायलच फिरवतात, आणि खरी वाट तिथे लागते. ‘अ’चा आवाज जरा चिरका वाटला म्हणून ‘ब’ डायल सरकवून उत्तर देतो. आता ‘ब’ नव्या जागेवरून बोलतो आहे. ‘क’ त्याच्या मागे सरकतो, ‘ड’ ‘क’च्या मागे. तासाभरात सगळं नेट मूळ जागेपासून कितीतरी हर्ट्झ लांब गेलेलं असतं, शेजारच्या गप्पांवर चढलेलं असतं, आणि ‘आपल्या फ्रिक्वेन्सीवर कोण आलं?’ म्हणून भांडण सुरू होतं. नियम एकाच वाक्याचा आहे: मुख्य डायल नेट कंट्रोलवर, म्हणजे नेट चालवणाऱ्या स्टेशनवर, बसवा, लॉक करा, बाकी सगळ्यांसाठी आरआयटी वापरा, आणि नेट संपलं की आरआयटी शून्यावर आणा. शून्यावर आणायला विसरणारेही कमी नाहीत. ते आठवडाभर सगळ्या जगाला फ्रिक्वेन्सी चुकल्याचं सांगत फिरतात.

फिल्टर, पासबँड ट्यूनिंग, नॉच यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो. शेजारचा जोरकस सिग्नल तुमच्या फिल्टरच्या कडेने आत येत असेल तर एजीसी त्याच्याकडे बघून गेन उतरवते आणि तुमचा क्षीण सिग्नल बुडतो. पासबँड सरकवा, कडा कापा. कोणी कॅरियर टाकून ट्यूनिंग करत असेल तर शिट्टी ऐकू येते. नॉच लावा, शिट्टी जाते. मोर्स ऐकताना ऑटो नॉच चालू ठेवू नका, तो मोर्सचाच सूर पुसून टाकतो. नॉइज ब्लँकर हा ठिणग्यांच्या टकटकीसाठी आहे. वळवाच्या विजेच्या कडकडाटावर तो चालत नाही आणि शेजारी जोरकस स्टेशन असताना चालू ठेवला तर तोच आवाज फाडतो. हे सगळं पुस्तिकेत आहे. बहुतेक पुस्तिका मात्र खोक्यातच राहतात.

नॉइज रिडक्शनवर मात्र थांबायलाच हवं. डिजिटल नॉइज रिडक्शन पूर्ण चढवून ‘किती शांत रिग आहे बघा’ म्हणून दाखवणारे आता घरोघरी आहेत. ही सोय सतत बदलत राहणाऱ्या, क्षणिक गोष्टींना गोंगाट समजते. बोलण्यातली व्यंजनं नेमकी तशीच असतात: क्षणिक, बारीक, वरच्या स्वरपट्टीतली. स्वर राहतात, व्यंजनं घासली जातात. मग ‘सात’ आणि ‘साठ’ यांत फरक कळेनासा होतो. गप्पांमध्ये चालून जाईल. पुरात अडकलेल्या गावातून ‘छपरावर सात माणसं’ असा निरोप आला आणि तो ‘साठ’ म्हणून पुढे गेला, तर होडी कुठे वळेल याचा विचार करा. साठ असताना सात ऐकलं तर काय होईल याचाही करा.

इथेच मी येणार होतो. आपण हा छंद समाजापुढे कोणत्या नावाने विकतो? आपत्तीतला आधार म्हणून. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, १९९९ चं ओडिशाचं चक्रीवादळ, २००१ चा भूजचा भूकंप, सगळीकडे हॅम मंडळी धावली. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आपल्या चमूसह डीएक्सपेडिशनसाठी, म्हणजे दुर्मिळ ठिकाणाहून जगाशी बोलण्याच्या हॅम मोहिमेसाठी, पोर्ट ब्लेअरला होत्या. २६ तारखेला सुनामी आली, आणि त्यांनी तिथूनच आपत्तीचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचवले. प्रत्येक भाषणात आपण ही नावं घेतो, टाळ्या घेतो. त्या सगळ्या प्रसंगांत दुसऱ्या टोकाला कोणीतरी ऐकणारा बसलेला होता, ज्याने क्षीण, फाटका, विजेने तुटलेला सिग्नल धरून ठेवला. बोलणाऱ्याइतकंच श्रेय त्याचं आहे. त्याची जागा घ्यायला आज आपल्यातले किती जण तयार आहेत?

आपत्तीतला सिग्नल फाइव्ह नाइन नसतो. डोंगराआडून, ओल्या अँटेनावरून, उतरत चाललेल्या बॅटरीवर तो येतो. मी एका नेटवर हे घडताना ऐकलं आहे. पावसाळ्यातली संध्याकाळ होती, कोकणातून कोणीतरी चेक-इन करू बघत होतं. कॉलसाइनची दोन अक्षरं स्वच्छ, बाकी खरखरीत. आरएफ गेन मागे घेऊन, फिल्टर आवळून, आरआयटी जरा खाली नेल्यावर मला पूर्ण कॉलसाइन मिळाला. तोवर नेट कंट्रोलने ‘कोणी राहिलं नाही, नेट बंद करतो’ म्हणून टाकलं होतं. मी मध्ये पडून निरोप पोचवला. सुदैवाने तो साधा हजेरीचा निरोप होता. नंतर त्या नेट कंट्रोलशी बोललो तर त्याचं उत्तर होतं, ‘माझ्याकडे सिग्नलच नव्हता.’ माझ्याकडे त्याच्याहून मोठी अँटेना नव्हती. सिग्नल दोघांच्याही अँटेनावर होता.

व्हीएचएफवर परिस्थिती याहून वाईट आहे, कारण तिथे स्क्वेल्च आहे. एफएमवर सिग्नल नसताना होणारी खरखर बंद ठेवायची ही सोय. ती खरखर जेमतेम बंद होईल इतकीच ठेवायची असते. आपल्याकडे स्वस्त हँडसेटचा पूर आला आहे. त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध यूव्ही-५आरमध्ये मेन्यूची अगदी पहिली ओळ स्क्वेल्चची आहे, शून्य ते नऊ. घरात शांतता हवी म्हणून लोक ती चढवून ठेवतात. मग पल्ल्याच्या कडेला उभा असलेला, पाच वॅटवर हाका मारणारा माणूस त्यांच्यासाठी अस्तित्वातच नसतो. रेडिओ चालू आहे, दिवा लागला आहे, आणि ऐकणं बंद आहे. नुसता बंद रेडिओ परवडला. तो निदान आपण कामावर आहोत असा भास निर्माण करत नाही. क्षीण हाक आल्यासारखी वाटली की बाजूचं मॉनिटरचं बटण दाबून स्क्वेल्च पूर्ण उघडायचा असतो. हे बटण बोलण्याच्या बटणाच्या अगदी खाली आहे. अंगठा तिथवर जात नाही.

नव्या पडद्यांच्या रेडिओंनी आणखी एक सवय लावली आहे. बँडचं चित्र समोर वाहत असतं, आणि माणूस उजळ रेघ दिसली की तिथे बोट ठेवतो. चित्र उपयोगी आहे, मी स्वतः वापरतो. पण फिकट रेघेवर कोणी बोट ठेवत नाही, आणि गोंगाटात जेमतेम तरंगणारा आवाज चित्रात पुष्कळदा दिसतच नाही. कान तो पकडतो. डायल हाताने हळू फिरवत बँडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणं जवळजवळ संपलं आहे. एके काळी ऐकायचं म्हणजे तेच करावं लागत होतं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवर, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झवर, आजच्या आपल्याच ४० मीटर बँडच्या आत. सरकार मागावर होतं, जागा बदलाव्या लागत होत्या, आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घालून त्यांना पकडेपर्यंत ते प्रक्षेपण चाललं. ऐकणाऱ्यांकडे काचेवरची पट्टी आणि एक सुई होती. त्याच पट्ट्यात आपण आज एक हर्ट्झपर्यंत आकडा दाखवणारे रिग घेऊन बसतो आणि शेजारच्या तालुक्यातला माणूस ऐकू येत नाही म्हणतो.

दोष फक्त नव्या पोरांचा नाही. त्यांच्या वाट्याला जे येतं ते आपण ज्येष्ठांनी दिलं आहे. परीक्षा लेखी आहे. सुपरहेटरोडाइन रिसिव्हरची आकृती काढता आली, नियम पाठ असले, की पास. माणसाला रेडिओसमोर बसवून ‘हा गोंगाटातला कॉलसाइन लिहून दाखव’ असं कोणी म्हणत नाही. जनरल दर्जासाठी मोर्स घेतात तेवढाच कानाचा कस. परवाना हाती आल्यावर क्लबात काय होतं? पहिल्याच दिवशी त्याच्या हाती माइक दिला जातो, ‘सीक्यू’ (ऐकणाऱ्या कोणीही उत्तर द्यावं अशी हाक) म्हणायला लावलं जातं, फोटो काढला जातो. बोलणं ही शिकवायची गोष्ट आणि ऐकणं आपोआप येणारी, असा आपला समज आहे. तो समज साफ चूक आहे. बोलायला एक बटण पुरतं. ऐकायला डझनभर नॉब आहेत आणि त्यांतला प्रत्येक दुसऱ्याशी बांधलेला आहे: आरएफ गेन हलवला की एजीसी वेगळी वागते, फिल्टर आवळला की ट्यूनिंग काटेकोर करावं लागतं, नॉइज रिडक्शन चढवलं की व्यंजनं जातात. हे हातात बसायला महिने लागतात, आणि शेजारी शिकवणारा बसावा लागतो.

क्लब चालवणाऱ्यांकडे आणि नेट कंट्रोल करणाऱ्यांकडे माझी मागणी आहे. नवा परवानाधारक आला की त्याला पहिले काही आठवडे फक्त रिसिव्हरवर बसवा. वहीत कॉलसाइन लिहायला लावा, क्षीण सिग्नल मुद्दाम शोधायला लावा, आणि प्रत्येक वेळी विचारा: कोणता नॉब फिरवलास, का फिरवलास? जुन्या परवानाधारकांनीही त्याच्या शेजारी बसावं. नेट बंद करण्यापूर्वी प्रत्येक कंट्रोलने माइक सोडावा, फिल्टर आवळावा, आरआयटीने दोन्ही बाजूंना जाऊन यावं आणि मगच ‘कोणी राहिलं का?’ या प्रश्नाचं उत्तर द्यावं. खोटा फाइव्ह नाइन देणाऱ्याला तिथल्या तिथे टोका. पावसाळा तोंडावर आहे. कोकणातल्या, सह्याद्रीतल्या डोंगराआडच्या हँडसेटला पाचच वॅट असतात. तुमच्या रेडिओचा स्क्वेल्च आजच खाली आणा.